बर्फ वितळल्यावर तलावात वॉलआय कुठे शोधायचा आणि कसा पकडायचा

बर्फ गेला की बरेच जण बोट पाण्यात उतरवून थेट तलावाच्या मधोमध खोल पाण्यात जातात, जिथे उन्हाळ्यात मासे लागले होते तिथेच गळ टाकून तासन्‌तास बसतात, आणि वॉलआय, हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मात्र तेव्हा असतो किनाऱ्याला चिकटून, कधी कधी तर गुडघाभर पाण्यात. या दिवसात त्याचं सगळं वेळापत्रक अंडी घालण्यावर चालतं, म्हणून रॉड कुठला आणि आमिष कुठलं यावर डोकं खपवण्याआधी पाण्याचं तापमान बघा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

त्याहीआधी सीझन चालू आहे का ते बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटात तलावांवर वॉलआयची मासेमारी फेब्रुवारीअखेरीस बंद होते ती मे महिन्यात उघडते, कॅनडातल्या ऑन्टारियोतही बऱ्याच भागात वसंतात बंदी असते, पण लेक इरीवर ओहायोच्या बाजूला वर्षभर चालू असते. किती मासे ठेवता येतात (लिमिट) आणि किती लांबीचे (साईज) याचे नियम एकाच राज्यात तलावागणिक बदलतात, त्यामुळे जाण्याआधी त्या तलावाचे नियम वाचाच.

आता तापमान. पाणी साधारण ४२ ते ५० फॅरनहाईट म्हणजे ६ ते १० सेल्सियस झालं की अंडी घालणं सुरू होतं. नर आधी येतात आणि शेवटपर्यंत तिथेच रेंगाळतात, मोठ्या माद्या मागून येतात, रात्रीत अंडी टाकतात आणि खोल पाण्याकडे निघून जातात, मग काही दिवस त्या धड खातही नाहीत. म्हणून या काळात गळाला लागतात ते जास्त करून लहान नर, त्यात निराश व्हायचं कारण नाही.

जागा शोधताना चिखल सोडा, खडी आणि मुठीएवढे दगड असलेला किनारा शोधा, त्यातही ज्यावर वारा सरळ येऊन आदळतो तो. वॉलआय घरटं बांधत नाही की अंडी राखत नाही, अंडी दगडांच्या फटीत पडतात आणि लाटांमुळे त्यांना ऑक्सिजन मिळत राहतो, वाऱ्याचा किनारा त्याला आवडतो तो याचसाठी. तलावात ओढा किंवा नदी येऊन मिळते ती जागाही फार चांगली, आणि दोन ते सहा फूट खोली उथळ वाटली तरी तिथे आधी गळ टाकून बघा.

सीझन उघडेपर्यंत अंडी घालून झाली असतील तर मासा लगेच लांब जात नाही. त्याच खडीच्या किनाऱ्यालगत तळ जिथे उतरायला लागतो ती कड, शेजारचा वाळूचा सपाट भाग, नुकतं हिरवं उगवायला लागलेलं वीड (पाण्यातलं गवत), असं ६ ते १५ फुटांत शोधत जा. काळपट तळाच्या उथळ खाड्या लवकर तापतात, तिथे शायनर आणि पर्च हे छोटे मासे गोळा होतात आणि त्यांच्या मागे वॉलआय येतो. सलग दोन-तीन दिवस ऊन पडलं असेल तर दुपारनंतर अशा खाडीत पाणी बाकी तलावापेक्षा एक-दोन डिग्री जास्त असतं आणि तेवढा फरक पुरतो. बोटीवर पाण्याचं तापमान दाखवणारा सोनार नसेल तर दोरीला थर्मामीटर बांधून सोडा, काम होतं.

वेळ म्हणाल तर सूर्य मावळायच्या तासभर आधीपासून ते अंधार पडल्यावर दोनेक तास. वॉलआयच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही. स्वच्छ पाण्याच्या तलावात भर दुपारी शांत पाण्यावर बसण्यात अर्थ नाही, पण ढग असतील, वारा असेल, लाटांनी पाणी गढूळ झालं असेल तर दिवसाही छान लागतो.

आमिषाला जिग (जड डोक्याचा हूक) आणि जिवंत मिनो (छोटा आमिषाचा मासा), यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. साडेसहा-सात फुटी मीडियम लाईट स्पिनिंग रॉड, ६ किंवा ८ पौंड ताण सोसणारी लाईन, आणि एक अष्टमांश औंसाचा जिग, वारा जोरात असेल तर पाव औंस. मिनोच्या तोंडातून हूक घालून डोक्याच्या मागून वर काढायचा. जिग तळाला टेकू द्या, चार-सहा इंच हळू उचला आणि लाईन ताणलेली ठेवूनच परत खाली जाऊ द्या, कारण मासा बहुतेक वेळा जिग खाली जातानाच घेतो आणि लाईन सैल असेल तर तुम्हाला कळतही नाही. कधी बारीक टक असं जाणवतं, कधी नुसतं जड लागतं, तेव्हा रॉडचं टोक जरा खाली नेऊन क्षणभर थांबा आणि मग रॉड एका लयीत मागे ओढा, झटका नको. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, तुम्हाला हळू वाटतंय त्याच्याही निम्म्या वेगाने चालवा.

थंडीची लाट परत आली तर मासा पहिल्या उतारावर सरकतो, तिथे हलका जिग किंवा स्लिप बॉबरखाली (लाईनवर सरकणाऱ्या तरंगत्या फ्लोटखाली) मिनो स्थिर ठेवा. पाणी ५० फॅरनहाईटच्या वर गेलं की बॉबरखाली जळू लावून बघा. आणि बोट नसली तरी अंधार पडल्यावर खडीच्या किनाऱ्यावरून मिनोच्या आकाराचा, वरवर पोहणारा लांबट क्रँकबेट (माशासारखं दिसणारं कृत्रिम आमिष) अगदी हळू, मध्ये मध्ये थांबत ओढा, मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडते.

मासा हातात घेताना तोंडात अंगठा घालू नका, दात सुईसारखे असतात आणि गालाच्या झाकणाची कडही कापते, ओला हात करून पोटाखालून आधार द्या. मोठी मादी लागली तर नियम परवानगी देत असले तरी सोडून द्या ही माझी कळकळीची विनंती, पुढच्या वर्षांची पिल्लं तिच्यातूनच येणार आहेत, खायला मध्यम नर चांगले लागतात.

लाइफ जॅकेट घालूनच बसा, नुसतं बोटीत ठेवू नका, एवढ्या गार पाण्यात पडलात तर हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात. निघताना बोटीतलं आणि लाइव्हवेलमधलं (मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं) सगळं पाणी तिथेच काढून टाका, आणि उरलेले मिनो जपून ठेवायचे असतील तर बादलीतलं तलावाचं पाणी ओतून घरून आणलेलं पाणी भरा, मिनेसोटात हा कायदाच आहे.