नवी स्पोर्ट्स कूपे घेऊन पहिल्यांदा लांब निघताय? समृद्धी राहू द्या, चिखलदरा धरा

गाडी घरी आली, नारळ फुटला, पेढे वाटले की दुसऱ्या दिवसापासून एकच सल्ला सुरू होतो, काढ ना भाऊ समृद्धी महामार्गावर. आमच्या दादालाही सगळे हेच सांगून राहिले होते. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, त्याने बीएमडब्ल्यूची एम टू घेतली, दोन दारांची, निळी, ऑटोमॅटिक, अन् पहिल्या लाँग ड्राईव्हला मला सोबत घेतलं कारण खानदानात गाडीचं मॅन्युअल वाचणारा मी एकटाच. ते वाचलं म्हणूनच सांगतो, पहिली ट्रिप समृद्धीवर करू नका.

कारण असं की या गाडीला पहिले २००० किमी रनिंग-इन लागते, म्हणजे इंजिनाचे फेरे ५५०० आरपीएमच्या वर न्यायचे नाहीत, १७० च्या वर पळवायचं नाही आणि एकदम तळापर्यंत ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. आता लोक म्हणतील समृद्धीवर कारला लिमिटच १२० ची आहे, मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम तोच आहे ना! नागपूरजवळ शिवमडक्याहून चढलात, १२० ला लावली की गाडी आठव्या गिअरमध्ये जाते आणि आरपीएमचा काटा दोन हजाराच्या जवळ जो बसतो तो मेहकर येईपर्यंत हलत नाही, अन् नव्या इंजिनाला तासन् तास एकाच आरपीएमवर धरून ठेवणं चांगलं नसते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसायच्या तर लोड वर-खाली होत राहिला पाहिजे. वर सरळसोट काँक्रीट, टायरचा एकसुरी आवाज, डोळे कधी जड झाले ते चालवणाऱ्याला कळतच नाही. ४६० हॉर्सपॉवर घेऊन झोप येत असेल तर काय कामाची.

म्हणून आम्ही जुना रस्ता धरला. वाडी, कोंढाळी, तळेगाव, मोझरी, अमरावती, मग परतवाडा अन् वर चिखलदरा, एका बाजूने साधारण २३० किमी. यात ट्रक आहेत, गावं आहेत, ओव्हरटेक आहे, शेवटी घाट आहे, म्हणजे इंजिनाला पाहिजे तो सगळा व्यायाम. आणखी एक, नव्या टायरची पकड पहिले ३०० किमी पूर्ण नसते आणि ब्रेक बसायला ५०० लागतात, त्यामुळे आधी आठवडाभर शहरात दीड-दोनशे किमी फिरवून घ्या, बाकीचं परतवाड्यापर्यंत होऊन जाते अन् घाट लागतो तेव्हा टायर तयार असतात. ब्रेक मात्र तेव्हाही नवेच समजा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

निघायच्या आधी टायरकडे बसून बघा, उभं राहून नाही. हिला पुढे १९ इंची आणि मागे २० इंची चाकं आहेत, म्हणजे पुढचं मागे लावता येत नाही, आणि स्टेपनी नाहीच. पंक्चरसाठी फक्त सीलंट अन् छोटा कंप्रेसर, बाजूची भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. टोइंगवाल्याचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा अन् मागवायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागा, चाक उचलून ओढत नेणारी गाडी नको. हवा सकाळी टायर थंड असतानाच बघायची, दाराच्या खांबावर स्टिकर असते त्याप्रमाणे. इथे मी स्वतः माती खाल्ली. दुपारी तळेगावच्या पंपावर उगाच हुशारी करून हवा चेक केली, चार पॉइंट जास्त दिसली म्हणून काढून टाकली. गरम टायरमध्ये ती वाढणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याच्या थंडीत स्क्रीनवर पिवळा दिवा, अन् दादा माझ्याकडे असा बघून राहिला की विचारू नका. तो कंप्रेसर तेव्हा कामी आला.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं नागपुरातूनच टाकी फुल करून घ्या, टाकी ५२ लिटरची आहे. ॲव्हरेज दहाच्या आसपास धरलं तरी घाटात ते खाली येते, त्यामुळे परत येताना अमरावतीला टॉप-अप करायचंच, काटा लालमध्ये जायची वाट बघू नका. तिथे थांबलातच तर गिला वडा खाऊन घ्या, फक्त गाडीत बसून नाही, दही सांडलं की सीटवरून निघता निघत नाही.

आता मागची सीट. कागदावर चार माणसं बसतात. आम्ही मामीला सोबत घेतलं कारण तिला देवीला जायचं होतं. पुढच्या सीटची पाठ वाकवायची, मग ती मोटरवर हळूहळू पुढे सरकणार, तोवर मामी साडी सावरत उभी. मग एक पाय आत, मग डोकं, मग अडकली. आई आधी बूड टेक ना, दादा ओरडून राहिला, पंपावरचे पोट्टे मोबाईल काढून उभे. आत बसल्यावर मामी एवढंच म्हणाली, एवढे पैसे घेतले अन् मागचं दार नाही दिलं? ही गाडी २०२३ ला भारतात आली तेव्हा ९८ लाख एक्स-शोरूम होती, त्यामुळे तिचा प्रश्न तसा रास्तच. तर मोठ्या माणसांना पुढेच बसवा, मागे लहान पोरं किंवा बॅगा. डिक्की बरी आहे, ३९० लिटर, दोन ट्रॉली बॅगा आरामात जातात. दारं मात्र लांबलचक आहेत, ढाब्यावर दोन गाड्यांच्या मधात लावली तर उतरता येणार नाही, कडेची जागा बघून लावायची.

चालवताना पहिलं काय जाणवते तर उंची. वेग नंतर. संत्र्याच्या ट्रकच्या बाजूने जाताना चाकाचे नट तुमच्या डोळ्यासमोर गरगर फिरत असतात अन् ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नसता, म्हणून त्याच्या बाजूला रेंगाळायचं नाही, मागे राहा नाहीतर डिपर देऊन झटकन निघा. दुसरं म्हणजे रस्ता कमरेला कळतो. आम्ही सेटिंग असं ठेवलं, इंजिन स्पोर्टवर, सस्पेन्शन अन् स्टिअरिंग कम्फर्टवर, हे सगळं स्टिअरिंगवरच्या एम वन बटणात सेव्ह होते, एकदा करून टाका, मग चालता चालता मेनूत बोटं घालत बसायला नको.

गतिरोधक हा खरा पेपर. परतवाड्याच्या पुढे गावात एक बिनरंगाचा आला, दादाने सरळ घातली अन् खालून खर्रर्र. खर्रा घोटल्यासारखा आवाज, पण पोटात गोळा आणणारा. उतरून, मोबाईलचा टॉर्च लावून, पुढच्या बंपरच्या ओठाखाली बघितलं, चार बोटं घासलं होतं. त्यानंतर पद्धत ठरवली. आधी जवळजवळ थांबायचं, आरशात बघायचं की बाजूने बाईक घुसून नाही राहिली, मग गाडी तिरपी करून एक चाक चढवायचं, मग दुसरं, मागचीही तशीच. उंच दिसला तर माणसं उतरवा, लाज कसली.

धामणगाव गढी सोडलं की घाट, अन् इथे गाडीचे पैसे वसूल होतात. स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर, वळणाच्या आधीच ब्रेक संपवायचा, वळणात पाय हलका, बाहेर पडताना हळूच ॲक्सिलरेटर. हॉर्न द्यायला लाजू नका, आणि वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ताकद सगळी मागच्या चाकांना आहे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची खाज आवरा. पावसाळ्यात वर दाट धुकं असते, तेव्हा तर या गाडीने जाऊच नका. उतरताना आठवा गिअर लावून ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर धरा, इंजिनच गाडी रोखते. आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे, अंधार पडायच्या आत वर पोचा.

वर पॉइंटवर कणीस भाजणारे एक काका बराच वेळ गाडीभोवती फिरले, चाकाला हात लावून पाहिला, मग विचारलं, ॲव्हरेज किती देते?

दादा म्हणाला, आज नऊ दिलं काका.

काका कणसावर लिंबू चोळत म्हणाले, नऊ? मंग एकदा सर्व्हिसिंग करून पाहा ना भाऊ.