‘पेड’ म्हणजे पाय? इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं शोधताना या चुका टाळा

म्हापशाला शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी सुरुवात घरातल्या चावीपासून करून देतो. चावी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. तिचं मूळ लॅटिन ‘क्लाविस’, म्हणजे किल्लीच. इंग्रजीत ती गळ्याखालच्या हाडात सापडते (क्लॅव्हिकल, छोटी किल्ली) आणि पोप निवडायला कार्डिनल कुलूपबंद बसतात, त्या कॉन्क्लेव्हमध्येही. पोरं खूश होतात आणि मग चुका सुरू होतात.

पहिली चूक दिसण्यावर जाण्याची. पावाचं मूळ लॅटिन ‘पानिस’. कंपॅनियन म्हणजे पाव वाटून खाणारा सोबती, पँट्रीही त्याच घरातली. लगेच एकानं विचारलं, “सर, मग पँडेमिकमध्येपण पाव?” नाही रे बाबा. तिथला ‘पॅन’ ग्रीक, अर्थ ‘सर्व’.

‘पेड’ तर भल्याभल्यांना फसवतो. पेडल, पेडेस्ट्रियन यांतला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय. पीडियाट्रिशियनमधला मात्र ग्रीक, म्हणजे मूल. आता हाडांच्या डॉक्टरची पाटी आठवा: ऑर्थोपेडिक. पाय वाटतो ना? तिथंही मूलच आहे! निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं 1741 मध्ये मुलांच्या शरीरातले वाक सरळ करण्याच्या विद्येसाठी तो शब्द घडवला. शंका आली तर ब्रिटिश स्पेलिंग पाहा. ‘पी’नंतर ‘एई’ दिसलं की बहुधा मूल, नुसता ‘ई’ असला की पाय. अमेरिकन स्पेलिंगमध्ये ही खूण पुसली गेली आहे.

दुसरी चूक गोड गोष्टींना भुलण्याची. सॅलरीत लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ आहे, हे खरं. पण रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे, याला त्या काळातला पुरावा नाही. त्यापेक्षा आपला ‘पगार’ बघा. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं. त्यावरून पोर्तुगीज ‘पागार’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘पे’. घेणेकऱ्याला शांत करायचं ते पैसे देऊन. महिनाअखेरीस हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरी चूक अभिमानाची, आणि ती मोठी माणसंच जास्त करतात: लॅटिन ‘पातेर’ (बाप) आपल्या ‘पितृ’वरून निघाला म्हणे! ही भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीला इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी वाटली आणि 1583 मध्ये त्यानं भावाला तसं लिहिलंही. पुढे 1786 मध्ये विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशानं संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असं कलकत्त्यात मांडलं. स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, तरी त्याचं ते पत्र आमच्या मुलांना कुणी सांगत नाही.

राहिला डिसेंबर. लॅटिन ‘डेकेम’ म्हणजे दहा, मग महिना बारावा कसा? जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, मोजून पाहा.