भांड्यांच्या लिक्विडचा नमुना लॅबला देताय? या चुका टाळा

बचत गट असो की छोटा कारखानदार, बाजारातलं भांडी घासायचं लिक्विड घेऊन लॅबमध्ये येणाऱ्यांची मागणी बहुधा एकच असते: 'यात काय काय आहे ते सगळं सांगा.' पहिली चूक हीच. सगळं सांगणारं एकही यंत्र नाही. म्हणून नेमकं विचारा: फेस अॅसिड स्लरीचा आहे की एसएलईएसचा (दोन्ही फेस आणणारी, मळ काढणारी रसायनं)? मीठ किती? प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं?

सर्वांत जास्त फसगत जीसी-एमएसच्या (वाफेतले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टमुळे होते. त्या यंत्रात नमुन्याची वाफ व्हावी लागते. एसएलईएसची किंवा कॉस्टिक सोडा घालून आम्लपणा मारलेल्या स्लरीची तशी वाफ होतच नाही; पुढे जातो तो मुख्यतः सुगंध. मग कागदावर लिमोनीन, लिनॅलूल ही सुगंधी द्रव्यं दिसतात आणि माणूस समजतो, लिक्विड लिंबाच्या तेलाचं आहे. त्याच्यापुढे 'मॅच ९२' छापलेलं असतं. ते प्रमाण नव्हे! यंत्राच्या लायब्ररीतल्या नोंदीशी स्पेक्ट्रम (घटकाचा ठसा) किती जुळला, एवढंच तो आकडा सांगतो. शेजारचा 'एरिया टक्के' (आलेखातल्या शिखराच्या क्षेत्रफळाचा वाटा) हाही वजनाचा टक्का नाही. यादीत थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) किंवा सिलोक्झेन (सिलिकॉनचं संयुग) दिसलं तर लगेच उत्पादकाला दोष देऊ नका. थॅलेट तुमच्या प्लास्टिकच्या बाटलीतून येऊ शकतं, सिलोक्झेन यंत्राच्या कॉलममधून. म्हणून नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत द्या आणि नमुना ज्यात विरघळवतात त्याच द्रावकाचा, नमुना न घातलेला कोरा ब्लँक चालवायला सांगा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली तर नकोच.

एफटीआयआरची (नमुना इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषतो ते बघणाऱ्या चाचणीची) अडचण वेगळी. लिक्विडमध्ये पाणीच जास्त, आणि आलेखावर पाण्याचे ३३०० व १६४० सेमी⁻¹ जवळचे रुंद पट्टे बरंच काही झाकून टाकतात. नमुना सुकवून घ्यावा लागतो, पण सुकवताना सुगंध उडतो, म्हणून थोडा भाग न सुकवता राखून ठेवा. स्लरी आणि एसएलईएसचे १२०० जवळचे पट्टे एकमेकांत मिसळतात. तिथे यूव्ही (अतिनील प्रकाशाची) चाचणी उपयोगी पडते: स्लरीत बेंझिनचं कडं असल्याने ती २२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, एसएलईएस नाही. इतकी स्वस्त चाचणी कुणी मागत नाही याचं मला वाईट वाटतं.

एका आकड्यावर विसंबू नका. हायमीन हे रसायन थेंब थेंब घालून करायच्या टायट्रेशनमध्ये ॲनायॉनिक (ऋणभार असलेले) फेस आणणारे घटक मोजले जातात, नॉनआयॉनिक (भार नसलेले) सुटतात. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, ते अशाच त्रुटीचा फायदा घेऊन: प्रोटीन थेट न मोजता नायट्रोजन मोजत, आणि मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे ६७ टक्के नायट्रोजन असतो. त्यात लहान मुलांचे जीव गेले.

मीठ मोजतानाही जपा. सिल्व्हर नायट्रेट आणि क्रोमेटची पद्धत आम्लात चालत नाही; शेवटचा रंग उशिरा येतो आणि आकडा फुगतो. आधी पीएच बघा.

प्रिझर्व्हेटिव्ह बहुधा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत काही भाग) असतं, ते या चाचण्यांतून सुटतं. त्यासाठी एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) वेगळी मागा. ते कळलं नाही आणि नक्कल करून लॉट भरला, तर पावसाळ्यात बाटल्यांना वास सुटतो.

रिपोर्टमधून घटक कळतात, कृती कळत नाही. मीठ घातल्यावर लिक्विड घट्ट होतं, पण एका मर्यादेपलीकडे पुन्हा पातळ होतं. ती मर्यादा कुठे आहे, हे शंभर मिलीच्या बीकरमध्ये चिमूट चिमूट मीठ घालून, दर वेळी वजन लिहून तुम्हालाच शोधावं लागेल.