मॉरिशसमध्ये विजेवरची गाडी घेताना काय पाहावे

मॉरिशसमध्ये विजेवर चालणारी गाडी घ्यायची म्हटली की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो एका चार्जमध्ये ती किती धावेल हा. या बेटावर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बेटाची लांबी साधारण 65 किलोमीटर आणि रुंदी 45 किलोमीटर आहे. उत्तरेच्या ग्रां बेहून निघून राजधानी पोर्ट लुईमार्गे आग्नेयेच्या माहेबुर्गला पोहोचेपर्यंत 70 किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. आजची लहानातली लहान गाडीही एवढे अंतर एका चार्जमध्ये जाते. त्यामुळे मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे मोजण्याआधी आपली गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथली वायरिंग कशी आहे, समुद्र किती जवळ आहे आणि पावसाचे पाणी कुठवर चढते, हे नीट पाहून घ्यावे.

वीज कोणत्या वेळी घ्यावी

इथली सुमारे चार-पंचमांश वीज आयात केलेला कोळसा आणि जड इंधन तेल जाळून तयार होते. उसाच्या हंगामात, म्हणजे साधारण जून ते डिसेंबर या काळात, साखर कारखान्यांना जोडलेली वीजकेंद्रे उसाचे चिपाड जाळतात आणि हंगाम संपला की त्यातल्या काही केंद्रांच्या बॉयलरमध्ये कोळसा पडू लागतो. संध्याकाळी घराघरांत दिवे, शेगड्या आणि एसी एकदम सुरू होतात, तेव्हा तेलावर चालणाऱ्या संचांवर ताण येतो. नेमक्या त्याच वेळी, कामावरून आल्या आल्या गाडी प्लगला लावली, तर आपल्या गल्लीतला धूर आपण फक्त त्या केंद्राच्या धुरांड्यापाशी नेऊन सोडतो. लहान, काटकसरी पेट्रोल गाडीच्या तुलनेत हवामानाचा फायदा मग थोडाच उरतो. हे सांगताना मला वाईट वाटते, पण ते लपवून कोणाला गाडी घ्यायला लावणे योग्य नाही.

उपाय मात्र आपल्या हातात आहे. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दिवसाला 6 ते 7 युनिट वीज लागते. इथल्या उन्हात छतावरच्या एक किलोवॉट सौर पॅनेलमधून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट मिळतात, म्हणजे दोन किलोवॉटचे पॅनेल एवढ्या प्रवासाला पुरते. गाडी दिवसा घरी असेल किंवा कामाच्या ठिकाणी छताखाली प्लग मिळत असेल, तर दुपारी चार्ज करावी. तसे जमत नसेल तर गाडीतला टायमर रात्री अकरानंतरचा लावावा. एवढ्यानेही संध्याकाळच्या गर्दीतून आपण बाहेर पडतो. वाहन चार्जिंगसाठी इथे वीज पुरवणाऱ्या सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाने सौर योजना आणलेली आहे, तिच्या सध्याच्या अटी बोर्डाकडूनच विचारून घ्याव्यात आणि पॅनेलची ऑर्डर त्यानंतर द्यावी.

जपानहून आलेली जुनी गाडी

मॉरिशसमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे जपानमधल्या वापरलेल्या गाड्या इथे सहज खपतात आणि विजेवरच्या गाड्यांतही निसान लीफ सर्वांच्या ओळखीची झाली आहे. ती घेताना दोन गोष्टींकडे फार बारकाईने लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट सॉकेटची. जपानी लीफच्या नाकावरचे झाकण उघडले की आत दोन तोंडे दिसतात: लहान गोल तोंड टाइप 1 चे, म्हणजे मंद चार्जिंगचे असते आणि मोठे शाडेमोचे, म्हणजे जलद चार्जिंगचे. युरोपीय बाजारासाठी बनलेल्या नव्या गाड्यांना मंद चार्जिंगसाठी टाइप 2 आणि जलद चार्जिंगसाठी सीसीएस 2 असते. टाइप 2 च्या चार्जिंग-खांबावरून टाइप 1 च्या गाडीला वीज देणारी केबल मिळते, त्यामुळे मंद चार्जिंगचा प्रश्न सुटतो. शाडेमोचा जलद चार्जर मात्र आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आहे का, हे गाडी घेण्याआधी स्वतः जाऊन पाहावे. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते आणि इथे 230 व्होल्टची, म्हणून गाडीबरोबर आलेल्या केबलवरच्या पेटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचल्याशिवाय ती भिंतीत खुपसू नये.

दुसरी गोष्ट बॅटरीची. या जुन्या लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नाही, त्यामुळे उष्ण जागेत ती लवकर क्षीण होते. डॅशबोर्डवर चार्ज दाखवणाऱ्या जाड पट्ट्यांच्या बाजूला, अगदी कडेला, बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणारी बारीक पट्ट्यांची एक ओळ असते. नव्या गाडीत त्या 12 असतात, आणि त्यातली पहिली पट्टी गेली म्हणजे मूळ क्षमतेपैकी सुमारे 15 टक्के आधीच गेलेली असते. विक्रीपूर्वी संगणकीय नोंद पुसून या पट्ट्या खोट्याच भरून दाखवण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. म्हणून गाडीतले बिघाड तपासण्यासाठी असलेल्या सॉकेटला लहान ब्लूटूथ उपकरण जोडून मोबाइलवर बॅटरीची खरी स्थिती वाचावी आणि पूर्ण चार्ज केलेली गाडी निदान 40 किलोमीटर चालवून किती टक्के उतरले ते लिहून ठेवावे. जो विक्रेता याला नकार देतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

कर आणि सवलतींचे गणित अर्थसंकल्पाबरोबर बदलत असते. 2022 मध्ये विजेवरच्या गाड्यांवरचा अबकारी कर काढून टाकण्यात आला होता, पण जुन्या सवलतीच्या भरवशावर हिशेब मांडू नये. त्या त्या वर्षाचा नियम पाहूनच पैसे द्यावेत.

घरचा प्लग

इथल्या घरांत ब्रिटिश पद्धतीची तीन चपट्या पिनांची आणि युरोपीय पद्धतीची गोल पिनांची, अशी दोन्ही सॉकेटे शेजारी शेजारी आढळतात आणि त्यामुळे अ‍ॅडाप्टर लावून काम भागवण्याची सवय सर्वांना लागलेली असते. मोबाइलसाठी ते ठीक आहे. गाडी मात्र सलग कित्येक तास दहा अँपिअर ओढते, आणि अशा अ‍ॅडाप्टरमध्ये पिन थोडी जरी सैल असली तरी तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक आधी पिवळसर, मग तपकिरी होते आणि शेवटी वितळून पिनेला चिकटते. समुद्रकाठच्या घरात तर पितळेच्या पिनेवर हिरवट थर चढतो, संपर्क आणखी बिघडतो आणि उष्णता आणखी वाढते. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर प्लगला हाताची पालथी बाजू लावून पाहावी; चटका बसला तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवून बटण बंद करावे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

सर्वांत चांगले म्हणजे मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत वेगळी लाइन टाकून घेणे, तिला चांगले अर्थिंग, वीज गळतीत तोडणारा योग्य प्रकारचा स्विच आणि विजांच्या कडकडाटापासून वाचवणारे सर्ज संरक्षण बसवणे. 32 अँपिअरचा, 7 किलोवॉटचा चार्जर बसवायचा असेल तर घराचा मंजूर भार आधी तपासावा लागतो. पण रोज 40 किलोमीटर जाणाऱ्याला साध्या दहा अँपिअरवर तीन तास पुरतात, त्यामुळे या खर्चाची गरज सगळ्यांना नाही.

चढ-उतार

क्यूरपीप समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे आणि पोर्ट लुई समुद्रालगत. 1,600 किलोच्या गाडीला एवढ्या उंचीवर चढवायला नेहमीच्या खर्चाशिवाय सुमारे अडीच युनिट वीज जास्त लागते. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातली काही वीज बॅटरीत परत भरते, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून क्यूरपीप किंवा त्याच पठारावरच्या व्हाक्वाला राहणाऱ्यांनी सकाळी गाडी शंभर टक्के भरून निघू नये. 80-85 टक्क्यांची मर्यादा लावून ठेवली की उतारावरची वीज वाया जात नाही आणि बॅटरीचे आयुष्यही वाढते.

खारी हवा, चक्रीवादळ, पाणी

विजेवरच्या गाडीत मोटरच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकच्या तबकड्या क्वचितच घासल्या जातात आणि खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंज बसतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, तीन-चार वेळा ब्रेक जोरात दाबावा. गणेश विसर्जनाला किंवा सहलीला गाडी वाळूपर्यंत नेलीच, तर घरी आल्यावर तिचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, मात्र जोराचा फवारा थेट केबलच्या जोडांवर मारू नये.

चक्रीवादळाचा पहिल्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत आधी दिला जाणारा इशारा जाहीर झाला की गाडी पूर्ण चार्ज करून घ्यावी, कारण वादळानंतर वीज कधी येईल याचा नेम नसतो. गाडीला बाहेर वीज देण्याची सोय असेल तर फ्रिज आणि दिवे तिच्यावर चालतात. वारा वाढू लागण्यापूर्वीच केबल काढून घरात ठेवावी आणि गाडी उंचवट्यावर न्यावी. मार्च 2013 च्या पुरात पोर्ट लुईत 11 माणसे दगावली आणि जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाच्या वेळी त्याच शहराच्या रस्त्यांवर गाड्या वाहत गेल्या, हे या बेटावरच्या कोणालाही विसरता येणार नाही. साचलेल्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नये.

गाडी खाऱ्या पाण्यात बुडालीच तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. मीठ बॅटरीच्या आत राहते आणि काही दिवसांनंतरही आग लागू शकते. 2022 मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर असे घडले होते. अशी गाडी घरापासून आणि इतर वाहनांपासून निदान 15 मीटर लांब, उघड्यावर ठेवावी आणि तिला हात लावण्याआधी अग्निशमन दलाला व विक्रेत्याला कळवावे. बुडालेली किंवा आयुष्य संपलेली बॅटरी परत कोण घेणार आणि तिच्या वाहतुकीचा खर्च कोणाकडे, हे गाडी घेताना पावतीबरोबर लेखी घेऊन ठेवावे.