पिठाचे हात आणि वाजणारा फोन

हात ज्वारीच्या पिठात, तव्यावर भाकरी, आणि फोन ‘टिंग’ करतो. ऑर्डर आली, बँकेचा मेसेज आला की कुणाचं नुसतंच ‘शुभ सकाळ’? दर वेळी हात धुऊन बघायला गेलं की भाकरी करपते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत कडक भाकरीची मागणी वाढली तेव्हा वैतागून कामाच्या मेसेजांना वेगवेगळे बोलके आवाज लावले. आता न बघता कळतं.

१. फोनच्या रेकॉर्डरवर एकेक शब्द बोला: ‘ऑर्डर’, ‘बँक’. दोन सेकंद पुरे. (मी ‘बँक’ मुलाकडून बोलवून घेतलं, माझा आवाज मलाच ऐकवत नाही.)

२. त्या फाइल फोनमधल्या ‘नोटिफिकेशन्स’ फोल्डरमध्ये टाका.

३. बँकेचा मेसेज उघडा, वरचे तीन ठिपके, त्यातल्या माहितीत नोटिफिकेशन, मग साउंड. तिथे तुमची फाइल निवडा. ऑर्डरी मी व्हॉट्सॲप बिझनेसवर घेते, त्यामुळे त्या अख्ख्या ॲपलाच ‘ऑर्डर’ हा आवाज दिला.

४. सोसायटीचा, भिशीचा, नातेवाइकांचा ग्रुप सरळ म्यूट. खरी शांतता इथेच मिळते.

अँड्रॉइड ८ पासून पुढच्या फोनवर हे जमतं. कंपनीप्रमाणे पर्यायांची नावं थोडी इकडेतिकडे असतील.

एक सांभाळा. बँकेच्या नावाने खोटे मेसेजही येतात. गिऱ्हाईक दारात उभं असेल तर नुसत्या आवाजावर माल देऊ नका, हात पुसा आणि खात्यात रक्कम आली का ते बघा.