डेटा सेंटरचा कोअर स्विच कसा पारखावा

नेटवर्कच्या मध्यभागी बसून बाकीचे स्विच जोडणारा तो कोअर स्विच. त्याचे माहितीपत्रक उघडले की टेराबिटचा मोठा आकडा आधी डोळ्यांत भरतो. तो बाजूला ठेवून हिशेब पोर्टपासून करावा. १०० गिगाबिटचे ३६ पोर्ट असलेली आठ लाइन कार्डे (पोर्ट असलेले काढता-घालता येणारे फलक) घेणाऱ्या चॅसिसला (स्विचच्या सांगाड्याला) सेकंदाला २८.८ टेराबिट क्षमता पुरते. येणारी आणि जाणारी वाहतूक स्वतंत्र मोजली की तीच ५७.६ अशी छापता येते. यात खोटे काही नाही, पण दोन विक्रेत्यांची मोजण्याची रीत वेगळी असेल तर तुलना फसते.

पॅकेटचा दरही असाच तपासावा. इथरनेटवर पॅकेट ज्या चौकटीत बसून जाते ती फ्रेम; सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते आणि प्रिॲम्बल (फ्रेमआधीचा इशारा) व दोन फ्रेममधले अंतर यांत आणखी २० बाइट जातात, त्यामुळे १०० गिगाबिटच्या एका पोर्टवर सेकंदाला सुमारे १४ कोटी ८८ लाख फ्रेम येऊ शकतात. कार्डाचा जाहीर दर ३६ पोर्टांना पुरत नसेल, तर किती बाइटच्या फ्रेमपासून पुढे पूर्ण वेग मिळतो हे लेखी घ्यावे.

खरी कसोटी फॅब्रिकची, म्हणजे कार्डांना आपसांत जोडणाऱ्या आतल्या जाळ्याची. केबलने एक पोर्ट दुसऱ्याला जोडत तीच वाहतूक सगळ्या पोर्टांतून फिरवण्याची ‘स्नेक’ चाचणी स्वस्त पडते, म्हणून प्रात्यक्षिकात बहुधा तीच दाखवली जाते. शेजारचे पोर्ट जोडले असतील तर त्यातली बरीच वाहतूक कार्डाबाहेर पडतही नाही. आग्रह धरावा तो प्रत्येक पोर्टवरून इतर सर्व पोर्टांकडे एकाच वेळी वाहतूक सोडणाऱ्या फुल मेश चाचणीचा, आणि तीही वेगवेगळ्या आकारांच्या फ्रेमवर. त्याबरोबर एका पोर्टवर मुद्दाम गर्दी करून इतरांचे काय होते ते पाहावे. प्रत्येक इनपुटला एकच रांग असलेल्या स्विचमध्ये पुढचे पॅकेट अडले की मागची सगळी खोळंबतात. सर्व दिशांना सारख्या विखुरलेल्या वाहतुकीतही अशा मोठ्या स्विचची मजल सुमारे ५८.६ टक्क्यांवर थांबते, हे १९८७ मध्येच गणिताने दाखवले गेले. प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी आभासी रांग ठेवणारी रचना यातून सुटते. चाचणीचा आराखडा स्वतः रचण्याऐवजी २०१७ सालच्या आरएफसी ८२३९ या डेटा सेंटर चाचणीपद्धतीच्या इंटरनेट दस्तऐवजाचा आधार घ्यावा.

बफर (पॅकेट थांबवून ठेवणारी मेमरी) मोठा म्हणून स्विच चांगला, असे सरसकट मानू नये. जलद पोर्टवरून संथ पोर्टकडे किंवा अनेक सर्व्हरांकडून एकाकडे लोंढा येतो तिथे त्याचा खरा उपयोग. मॅक (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते), एआरपी (आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्या) आणि रूट (मार्ग) यांची कोष्टके बहुधा सामाईक मेमरी वाटून घेतात, म्हणून प्रत्येकाची कमाल क्षमता एकाच वेळी मिळेल असे धरू नये. आपल्या आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्त्यांचा व मार्गांचा पसारा त्यांत भरूनच पाहावा. वीज आणि हवेची दिशा रॅकला जुळते का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

शेवटी, वाहतूक पूर्ण भरात असताना आधी सुपरव्हायझर (स्विचचे नियंत्रण करणारे कार्ड) आणि मग एक फॅब्रिक कार्ड बाहेर ओढावे आणि हरवलेल्या फ्रेम मोजाव्यात. सहा फॅब्रिक कार्डांतले एक गेल्यावर मूळ क्षमतेचा सहावा हिस्सा जातो; उरलेली पाच पूर्ण भार पेलतात की नाही, याची नोंद तुलनेच्या तक्त्यात पहिल्या ओळीत असावी.