जपानमध्ये वसंतातली चित्रप्रदर्शनं कशी पाहावीत: आधी चित्र, मग तारीख, मग तिकीट

पहिल्यांदा जपानला गेले तेव्हा क्योतोतल्या एका संग्रहालयात मला एकच चित्र पाहायचं होतं, सोनेरी पार्श्वभूमीचा एक जुना घडीचा पडदा. तिकीट काढलं, रांगेत तासभर उभी राहिले, त्या दालनात पोचले, तर काचेमागे भलताच पडदा. तिथल्या मदतनीस बाईंनी माझ्या हातातला कागद उलटा केला आणि तारखांच्या एका ओळीवर बोट ठेवलं. माझं चित्र चार दिवसांपूर्वीच उतरवून पेटीत गेलं होतं. प्रदर्शन चालू होतं, बाहेरच्या फलकावरही तेच चित्र होतं, फक्त चित्र स्वतः नव्हतं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. जपानमध्ये प्रदर्शन किती दिवस आहे यापेक्षा तुमचं चित्र किती दिवस आहे हे बघायचं असतं. रेशमावर आणि कागदावर काढलेली ही चित्रं उजेडाने विटतात. म्हणून राष्ट्रीय ठेवा ठरलेली अशी चित्रं वर्षाकाठी साधारण ६० दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, असा तिथल्या सांस्कृतिक खात्याचा दंडक आहे. उरलेलं वर्ष ती अंधारात, लाकडी पेटीत काढतात. आणि बाहेर काढायचे दिवस ठरवताना संग्रहालयं ऋतूकडे बघतात. आपण आंबा वैशाखात खातो, तसं तिथे फूल आणि त्या फुलाचं चित्र एकाच सुमारास बघायला मिळतं.

पहिली पायरी: फूल ठरवा, त्यातून चित्र ठरेल

विमानाचं तिकीट स्वस्त कधी आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी तीनपैकी एक फूल निवडा.

फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा उमेचा, म्हणजे प्लमच्या फुलांचा. तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, पाऊण-एक तासावर अतामी हे समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या मोआ कलासंग्रहालयात ओगाता कोरिन या जुन्या चित्रकाराचा लाल-पांढऱ्या उमेचा जोडपडदा साधारण याच दिवसांत बाहेर काढतात. दोन झाडं, मधून वळत जाणारा काळपट ओढा, एवढंच चित्र. थंडी असते, गर्दी सोसण्याइतकी असते. शिंकान्सेन घेताना ती अतामीला थांबते ना, हे बघून घ्या. नोझोमी थांबत नाही, कोदामा थांबते.

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा. तोक्योत यासाठी दोन जागा पक्क्या धरा. एक, उएनोच्या बागेतलं तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय. १८७२ साली सुरू झालेलं हे जपानमधलं सर्वांत जुनं संग्रहालय. साकुराच्या दिवसांत तिथे मुख्य इमारतीत ठिकठिकाणी साकुराची चित्रं, किमोनो, भांडी मांडतात आणि मागची बागही हिंडता येते. दुसरी जागा ताकेबाशी स्थानकाजवळचं राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय. तिथे वसंतात कावाई ग्योकुदो या चित्रकाराचा १९१६ सालचा ‘सरता वसंत’ हा जोडपडदा लावतात. नदीत पाणचक्क्यांच्या होड्या बांधून ठेवल्या आहेत, चाकं फिरताहेत आणि वरून पाकळ्या गळताहेत. संग्रहालयातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की चिदोरिगाफुचीचा खंदक लागतो. तिथे खऱ्या पाकळ्या खऱ्या पाण्यावर पडत असतात.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत काकित्सुबाता. पाण्यात उगवणारं हे निळं-जांभळं आयरिस. त्यासाठी तोक्योच्या आओयामा भागातलं नेझू संग्रहालय. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हेच निवडा. का, ते पुढे सांगते.

तिन्ही एकाच सहलीत बसवायचा हट्ट करू नका. बसत नाहीत.

दुसरी पायरी: तारखांचा कागद वाचा

प्रत्येक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रदर्शनाचं पान असतं. भाषांतराचं बटण दाबून ते वाचता येतं, पण महत्त्वाचे शब्द नेमके तिथेच गडबडतात. म्हणून हे चार शब्द ओळखीचे करून घ्या. काइकी म्हणजे प्रदर्शनाचा पूर्ण काळ. झेन्की म्हणजे पहिला टप्पा, कोकी म्हणजे दुसरा. तेन्जिगाए म्हणजे चित्रांची अदलाबदल. पानावर हा शेवटचा शब्द दिसला की सावध व्हा: पहिल्या टप्प्यात असलेली बरीच चित्रं दुसऱ्यात नसतील.

तिथेच कुठेतरी मांडलेल्या वस्तूंची यादी असते, शुप्पिन मोकुरोकू. ती उतरवून घ्या आणि तुमच्या चित्रासमोर कोणत्या तारखा आहेत ते बघा. मला त्या बाईंनी दाखवला तो हाच कागद. घरातून निघण्यापूर्वी त्यावर दहा मिनिटं घालवली असती, तर माझा दिवस वाचला असता.

तिसरी पायरी: वार आणि वेळ

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी उघडी आणि मंगळवारी बंद. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपानमध्ये एकामागून एक सुट्ट्या येतात. सगळा देश बाहेर पडतो, हॉटेलं महागतात, रांगा वाढतात. काकित्सुबातासाठी जाणार असाल तर हा आठवडा टाळून आधी किंवा नंतर जा.

तोक्योतली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ८ पर्यंत उघडी असतात. संध्याकाळी ६ नंतर दालनं रिकामी होत जातात. दिवसा साकुरा आणि शुक्रवारी संध्याकाळी चित्रं, असा बेत केलात तर पाय कमी दुखतील आणि चित्रासमोर शांतपणे उभं राहता येईल. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी मिळतो, पण त्यावर विसंबून राहू नका. एका चांगल्या पडद्यालाच अर्धा तास लागतो.

चौथी पायरी: तिकीट

दोन प्रकार ध्यानात ठेवा. संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाचं तिकीट स्वस्त असतं, विशेष प्रदर्शनाचं महाग. जाहिराती विशेष प्रदर्शनाच्या असतात, रांगाही त्याच्याच. पण तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात स्वतःचा संग्रहच एवढा आहे की फक्त तेवढं पाहून आलात तरी सहल सार्थकी लागते. विशेष प्रदर्शनाचं तिकीट काढलंत तर त्याच दिवशी तिथला नेहमीचा संग्रहही बघता येतो, म्हणून सकाळी विशेष, दुपारी संग्रह असा क्रम ठेवा.

गाजलेल्या प्रदर्शनांना तारीख आणि वेळ ठरवून ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. नेझूलाही असंच आरक्षण करून जावं. तारखा आल्या की लगेच करा. शनिवार-रविवार आधी भरतो.

व्हिसा, रेल्वे, राहणं यांबद्दल माहिती सगळीकडे मिळते, त्यात शिरत नाही. शाकाहारी लोकांसाठी एकच: संग्रहालयाच्या कॅफेतल्या सूपमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो. पिशवीत उमेबोशी (खारवलेलं उमेचं फळ) घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, ठेवा आणि बाहेर बागेत बसून खा.

पाचवी पायरी: आत गेल्यावर

पाठपिशवी आणि कोट दारापाशीच्या कपाटात ठेवा. बहुतेक कपाटांना १०० येनचं नाणं लागतं आणि ते परत मिळतं, म्हणून एक नाणं खिशात असू द्या. टिपणं काढायची असतील तर पेन्सिलच वापरा. पेन हातात दिसलं की मदतनीस अदबीने पेन्सिल आणून देतात. फोटो चालतो की नाही हे चित्रागणिक वेगळं असतं, शेजारची खूण बघा. दालनं मंद उजेडाची असतात. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की रंग वर येतात.

पडदे उजवीकडून डावीकडे वाचायचे. जोडी असेल तर उजवा आधी. आणि एक गोष्ट नक्की करा: वाका, उकिडवे बसा. हे पडदे जमिनीवर चटईवर बसलेल्या माणसासाठी काढलेले आहेत. डोळे तेवढ्या उंचीवर आले की सोनं उजळतं आणि फुलं तुमच्या वर उठतात.

नेझूतला कोरिनचा काकित्सुबाताचा पडदा असा पाहा. सहा-सहा पानांचे, म्हणजे घड्यांचे, दोन पडदे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. सोन्याचा वर्ख, निळा आणि हिरवा, बस. पाणी नाही, आकाश नाही, माणूस नाही. उजव्या पडद्यावर फुलांचे झुपके लाटेसारखे वर-खाली होत जातात. डावीकडे ते खाली घसरतात, काहींचे बुंधे चौकटीबाहेरच राहिले आहेत. जवळ जा. काही झुपके हुबेहूब एकसारखे आहेत, साचा लावून उतरवावेत तसे. कोरिन क्योतोतल्या किमोनो विकणाऱ्या घरात वाढला. पैठणीच्या पदरावर मोर पुन्हा पुन्हा येतो आणि तरी डोळा थकत नाही, ती जाण त्याच्या हातात होती.

या चित्रामागे एक जुनी गोष्ट आहे, ती माहीत असली की रिकामं सोनं बोलायला लागतं. राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला एक माणूस आठ फळ्यांच्या पुलापाशी थांबतो. मंडळी वाळवलेला भात खायला बसतात. पाण्यात काकित्सुबाता फुललेली असतात. सोबती म्हणतात, या फुलाच्या नावातल्या पाच अक्षरांनी पाच ओळी सुरू करून प्रवासाचं मन सांग. तो मागे राहिलेल्या बायकोची आठवण सांगतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी भातावर पडून सुका भात भिजून फुगतो. कोरिनने पूल वगळला, माणसं वगळली, भात वगळला. फुलं तेवढी ठेवली. बघणाऱ्याला बाकीचं पाठ आहे, हे त्याने धरून चाललं होतं.

उएनोला गेलात तर एक पडदा विचारून घ्या, कानो नागानोबूचा साकुराखालच्या मेजवानीचा. तो दरवर्षी लागेलच असं नाही, पण वसंतात त्याची शक्यता जास्त. उजव्या पडद्याची मधली दोन पानं कोरी आहेत. पडदा दुरुस्तीला दिलेला असताना १९२३ चा कांतो भूकंप झाला आणि ती पानं आगीत गेली. मेजवानीचा नेमका मधला भाग नाही; कडेची माणसं अजून तिकडे बघत बसली आहेत. मी त्या कोऱ्या जागेसमोर सर्वांत जास्त वेळ थांबले.

त्याच भूकंपात आपलंही काही गेलं. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आला आणि पुढच्या काळात अजिंठ्याला राहून त्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवलेल्या होत्या आणि १९२३ च्या आगीत जळाल्या. उएनोतून बाहेर पडण्यापूर्वी त्याच आवारातल्या तोयोकान इमारतीत जा. आशियातल्या वस्तूंचं हे दालन आहे, तिथे भारतातली शिल्पंही आहेत, आणि साकुराच्या ऐन गर्दीतही ते बऱ्यापैकी शांत असतं.

क्योतोला वेळ असेल तर

क्योतो राष्ट्रीय संग्रहालयात एप्रिल-मेमध्ये सहसा मोठं विशेष प्रदर्शन असतं. त्याच्या तारखा वर सांगितल्याप्रमाणे तपासा. तिथून चालत चिशाकु-इन या मंदिरात जा. तिथल्या ठेव्याच्या दालनात हासेगावा क्यूझोने काढलेलं साकुराचं भित्तिचित्र आहे. शिंपल्याच्या पांढऱ्या पुडीचे थर देऊन पाकळ्या इतक्या जाड केल्या आहेत की बाजूने पाहिलं तर त्या भिंतीतून फुगून आलेल्या दिसतात. ऐन विशीत, १५९३ साली, तो गेला. वडिलांनी, तोहाकूने काढलेलं मेपलचं झाड तिथेच आहे. दोन्ही एकत्र पाहा.

शेवटची पायरी: दारातला कागद आणि तळं

प्रत्येक संग्रहालयाच्या दारापाशी इतर संग्रहालयांच्या पत्रकांचा ढीग असतो. त्यांना चिराशी म्हणतात, फुकट असतात आणि छपाई सुंदर असते. जवळपास काय चालू आहे हे कळायला याहून बरा मार्ग मला सापडलेला नाही. पहिल्याच दिवशी मूठभर उचला आणि रात्री खोलीत तारखा बघा.

नेझूला मात्र पत्रकं नंतर. चित्र पाहून झालं की मागच्या दाराने बागेत उतरा. दगडी वाट झाडांतून खाली तळ्यापर्यंत जाते आणि तळ्यात काकित्सुबाता फुललेली असतात, चित्रातल्यापेक्षा बारीक, जरा फिकी, वाऱ्याने हलणारी. ती पाहून परत वर या आणि पडद्यासमोर पुन्हा उभ्या राहा. त्याच तिकिटावर आत येता येईल ना, एवढं बागेत जाण्याआधी दारात विचारून घ्या. बाग संग्रहालयाबरोबरच बंद होते, तेव्हा दुपारी ३ च्या आत पोचाल असंच आरक्षण करा.